एमएसचा हिशेब पुण्याच्या पगारावर मांडावा

अमेरिकेत एमएस, म्हणजे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, करायला घेतलेले चाळीस लाखांचे शैक्षणिक कर्ज, ११ टक्के व्याज, फेडीची मुदत १० वर्षे. दर सहामाहीला १० लाख याप्रमाणे चार टप्प्यांत रक्कम उचलली आणि अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिने हप्ता न भरण्याची सवलत मिळाली, असे धरू. पहिला हप्ता भरायच्या दिवशी हे कर्ज ४० लाखांचे राहिलेले नसते. शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळातही सरळ व्याज चढतच असते आणि ते होते ७ लाख ७० हजार. फेड सुरू होते ४७ लाख ७० हजारांवर आणि मासिक हप्ता येतो सुमारे ६५,७०० रुपये. मुदत १५ वर्षांची करून घेतली तर हप्ता ५४,२०० पर्यंत उतरतो, पण एकूण भरणा साडेसत्त्याण्णव लाखांवर जातो.

हा हप्ता जड की हलका, हे कोणत्या देशात बसून भरता यावर ठरते. अमेरिकेत मुलाला वर्षाला ८५,००० डॉलरची नोकरी लागली, तर कर वजा जाता महिन्याला साडेपाच हजार डॉलरच्या आसपास हातात पडतात. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तरी हप्ता ७७५ डॉलरच्या आत बसतो. हातात येणाऱ्या पगाराचा फार तर सातवा हिस्सा. दोन-तीन वर्षे काटकसर केली की सगळे कर्ज मुदतीआधी फिटते. तोच मुलगा परत येऊन पुण्यात वार्षिक १२ लाखांच्या नोकरीला लागला, तर पीएफ, ग्रॅच्युइटी वगैरे वजा होऊन खात्यात ८५ ते ९० हजार जमा होतात आणि त्यातले ६५,७०० बँक उचलते. उरलेल्या वीस-बावीस हजारांत हिंजवडीजवळ भाड्याच्या खोलीत राहून, डबा लावून, पेट्रोल घालून महिना काढून दाखवावा. प्राप्तिकरात या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते खरी, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत १२ लाखांच्या पगारावर मुळात करच लागत नाही, त्यामुळे ही वजावट या मुलाच्या कामाची नाही.

परदेशी शिक्षणाच्या कर्जाचा हिशेब या दुसऱ्या, परतीच्या पगारावर मांडला गेला पाहिजे आणि तो लेखी मांडून दाखवण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर टाकली पाहिजे, असे आमचे मत आहे. आज घरोघरी, कन्सल्टन्सीच्या केबिनमध्ये आणि कर्ज कंपनीच्या फोनवर तो फक्त डॉलरच्या पगारावर मांडला जातो. ‘तिकडे नोकरी लागली की दोन वर्षांत फिटतं’ हे वाक्य खोटे नाही. पण त्यातल्या ‘लागली की’ या दोन शब्दांवर राहता फ्लॅट गहाण पडतो.

प्रश्न मूठभरांचा नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. २००९ नंतर पहिल्यांदाच भारताने चीनला मागे टाकले. त्यांतले १,९६,००० हून अधिक पदव्युत्तर शिक्षण घेणारे होते. पीएचडीला जाणाऱ्या मुलाला बहुधा फीमाफी आणि शिष्यवेतन मिळते, त्यामुळे त्याचे कर्ज असलेच तर लहान असते. बारावीनंतर जाणारा मुलगा सहसा पैशाच्या चणचणीतल्या घरचा नसतो. एमएस करणारा या दोघांच्या मधला. फी स्वतःची, घर नोकरदार वडिलांचे, आणि सहकर्जदार म्हणून सही निवृत्तीला पाच-सात वर्षे उरलेल्या माणसाची.

आता तारखांकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला पदवीनंतर नोकरी करता येते ती ओपीटी या परवानगीवर. मूळ मुदत १२ महिने. पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटातली असेल तर आणखी २४ महिने वाढवून मिळतात. ती त्या गटात आहे की नाही, हे पदवीच्या नावावरून ठरत नाही. विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या आय-२० या कागदावर छापलेल्या, विषय सांगणाऱ्या सहा अंकी सीआयपी कोडवरून ठरते. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो. विद्यापीठातल्या डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे काम पाहणारा अधिकारी) सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत शिफारस नोंदवली की ३० दिवसांच्या आत अर्ज दाखल व्हावा लागतो, नाही तर नामंजूर. इथपर्यंतचे बहुतेकांना माहीत असते. माहीत नसते ते बेरोजगारीचे घड्याळ. ओपीटी सुरू झाल्यावर नोकरीशिवाय काढलेले दिवस मोजले जातात आणि त्यांची बेरीज ९० च्या पुढे गेली की तिथे राहण्याचा हक्क संपतो. स्टेमची मुदतवाढ मिळाली तर सगळे मिळून १५० दिवस.

एका मुलाचा अभ्यासक्रम १५ मे रोजी संपला असे समजू. ओपीटीची सुरुवात त्याने नियमात बसेल तितकी पुढे ढकलली तरी १४ जुलैच्या पलीकडे जाता येत नाही. तिथून ९० दिवस म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. तोवर नोकरी नाही लागली तर सामान बांधायचे. इकडे बँकेची सहा महिन्यांची सवलत १५ नोव्हेंबरला संपते. विमान मुंबईत उतरल्यापासून महिनाभरात पहिला हप्ता दारात उभा. या दोन तारखा ठरवताना कुणी एकमेकांना विचारलेले नाही. सवलत अभ्यासक्रमाच्या लांबीवरून ठरली, घड्याळ अमेरिकेच्या नियमावरून. मधल्या फटीत सापडते ते कुटुंब. काही कर्जांत सवलत वर्षाची असते. तेवढ्याने श्वास मिळतो, पण व्याज तेवढेच जास्त चढते.

घड्याळ आणखीही मार्गांनी पळते. घाबरून ओपीटीची सर्वांत लवकरची तारीख निवडली तर हातातले साठ दिवस आपणच घालवलेले असतात. नोकरी लागूनही मालकाचा तपशील दहा दिवसांत पोर्टलवर भरला नाही, तर संगणकाच्या लेखी तुम्ही बेरोजगारच, आणि दिवस मोजले जात राहतात. आठवड्याला किमान २० तासांचे, आपल्या विषयातले काम असेल तरच ते नोकरी म्हणून धरले जाते. पहिल्या बारा महिन्यांत बिनपगारी कामही चालते, मात्र कामगार कायद्यात बसणारे. स्टेमच्या २४ महिन्यांत ते चालत नाही. तिथे ई-व्हेरिफाय या, कर्मचाऱ्याचा काम करण्याचा हक्क तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेला मालक, आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा आणि दर सहा महिन्यांनी माहितीची खातरजमा लागते. छोट्या स्टार्टअपना यातले काहीच ठाऊक नसते आणि ऐनवेळी ‘आमच्याकडे हे होत नाही’ असे कळते. नोकरीच्या मुलाखतीत तंत्रज्ञानाच्या प्रश्नांआधी ई-व्हेरिफायचा प्रश्न विचारावा लागतो, हे कुणी शिकवत नाही.

ऐंशीव्या दिवसाच्या सुमाराला मग एक फोन येतो. पैसे भरा, ऑफर लेटर देतो. किंवा ‘ट्रेनिंग’ घ्या, तुमच्या रेझ्युमेत चार वर्षांचा अनुभव आम्ही घालतो. असल्या आपल्याच लोकांच्या कन्सल्टन्सीवर लेख लिहून उपदेश करणे सोपे आहे. घरी गहाण पडलेला फ्लॅट आणि हातात दहा दिवस असताना नाही म्हणणे सोपे नाही. आणि त्या कागदाचा हिशेब तिथेच मिटत नाही. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या किंवा ग्रीन कार्डच्या टप्प्यावर जुनी नोकरी बनावट ठरली, तर पाच-सात वर्षांची उभारणी एका पत्राने संपते.

एच-१बीचेही आकडे घ्या. वर्षाला ६५,००० जागा, शिवाय अमेरिकन विद्यापीठातून मास्टर्स झालेल्यांसाठी २०,०००. मार्चमध्ये नोंदणी, सोडतीत नंबर लागला तर १ ऑक्टोबरपासून काम. २०२६ या वित्तवर्षासाठी पात्र नोंदी ३,४३,९८१ होत्या आणि निवडल्या गेल्या १,२०,१४१. म्हणजे सुमारे ३५ टक्के. मे महिन्यात पदवी घेतलेल्या स्टेम विद्यार्थ्याला साधारण तीन मार्च मिळतात. दर वेळी ३५ टक्के संधी धरली तर तिन्ही वेळा नंबर न लागण्याची शक्यता सत्तावीस टक्क्यांच्या वर जाते. नोकरी उत्तम, काम उत्तम, मालक खूश, आणि तरीही चारांतल्या एकाहून अधिक जणांना परतीचे तिकीट. या गणितात त्या मुलाची हुशारी कुठेही येत नाही.

त्यात नियम हलले. २०२५ च्या अखेरीस आलेल्या आणि फेब्रुवारी २०२६ अखेरपासून लागू झालेल्या नियमाने सोडतीत पगाराच्या पातळीनुसार वजन दिले: चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या उमेदवाराच्या चार चिठ्ठ्या, पहिल्या पातळीच्या उमेदवाराची एक. नुकती पदवी घेतलेला मुलगा बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीवर असतो, त्यामुळे वरचे ३५ टक्के त्याच्यासाठी आता आशावादीच म्हणायचे. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने एच-१बीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचा भार टाकला. अमेरिकेतच राहून एफ-१ वरून दर्जा बदलणाऱ्याला तो लागत नाही, असे नंतर स्पष्ट करण्यात आले. पण याचा दुसरा अर्थ असा की एकदा भारतात परतलेल्याला पुन्हा बोलावणे मालकाला परवडणारे राहिले नाही. ‘आत्ता येतो, पुन्हा जाईन’ हा मार्ग अरुंद झाला आणि परतीच्या पगाराचा प्रश्न आणखी टोकदार.

नियम बदलतात याची तक्रार नाही. दुसऱ्याच्या देशाचे नियम तो देश ठरवणार. एप्रिल २०२५ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक रद्द झाल्या, खटले भरले गेले आणि महिन्याच्या अखेरीस नोंदी पूर्ववत होऊ लागल्या. त्याच वर्षी मेच्या शेवटी व्हिसा मुलाखतींच्या नव्या तारखा देणे थांबले आणि जूनच्या उत्तरार्धात समाजमाध्यमांची खाती सर्वांसाठी खुली ठेवण्याच्या अटीवर ते पुन्हा सुरू झाले. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होणाऱ्या मुलांचे काय झाले असेल याची कल्पना करता येते. ज्या धंद्यातली जोखीम दर वर्षी अशी बदलते, त्या धंद्याला कर्ज देताना बँक एरवी दहा प्रश्न विचारते. इथे मात्र विद्यापीठाचे नाव आणि तारण पाहून काम भागते.

शाखेप्रमाणे हिशेब बदलतो, हे तर कन्सल्टन्सीच्या तक्त्यात जवळपास नसतेच. सीओईपी किंवा व्हीजेटीआयसारख्या कॉलेजातून मेकॅनिकल झालेला मुलगा एरोस्पेसमध्ये एमएस करायला निघतो, तेव्हा त्याला आयटार, म्हणजे संरक्षण तंत्रज्ञान परक्यांच्या हाती जाऊ नये म्हणून केलेली अमेरिकेची नियमावली, कुणी वाचायला देत नाही. संरक्षण आणि अवकाश क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्यांना ‘यूएस पर्सन’ असणे लागते: नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित दर्जा मिळालेले. एफ-१ वरचा विद्यार्थी त्यात बसत नाही, मग त्याचे गुण कितीही असोत. करिअर फेअरमध्ये तंबूभर कंपन्या असतात आणि त्यांतल्या अर्ध्या टेबलांवर पहिलाच प्रश्न नागरिकत्वाचा निघतो. सिव्हिलची गत वेगळी. कामे भरपूर, पण सल्लागार कंपन्या लहान, व्हिसाच्या कटकटीत पडायला नाखूश. शिवाय अभियंत्याच्या परवान्याची शिडी: आधी एफई ही पायाभूत परीक्षा, मग साधारण चार वर्षांचा अनुभव, मग पीई ही परवान्याची परीक्षा. कॉम्प्युटरवाल्यांची स्थिती काही वर्षे सोन्यासारखी होती आणि त्याच सोन्याच्या भावाने सगळ्या शाखांचे हिशेब केले गेले. मेकॅनिकलचा मुलगा दुसऱ्या सेमिस्टरला डेटा सायन्सचे कोर्स घेऊ लागतो, ते आवडीपेक्षा हप्त्याच्या धाकाने.

हप्त्याचा हा धाक विद्यार्थ्याच्या रोजच्या आयुष्यात कसा झिरपतो, ते पाहिले पाहिजे, कारण ‘कर्ज नोकरी लागल्यावर फेडायचे आहे, शिकताना कशाला विचार’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मुलगा पोहोचतो. चौघांत दोन खोल्यांचे घर, बारा महिन्यांचा भाडेकरार, अनामत रक्कम, विद्यापीठाचा सक्तीचा आरोग्य विमा. सोशल सिक्युरिटी नंबर नोकरीचे पत्र हातात आल्याशिवाय मिळत नाही. आणि सप्टेंबरमध्ये करिअर फेअर. पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिप तेव्हाच भरल्या जातात. जेट लॅग उतरायच्या आत रेझ्युमे तयार हवा. तो मुंबईहून निघतानाच तयार ठेवणारे थोडे.

इंटर्नशिपसाठी सीपीटी ही शिकत असतानाच्या कामाची परवानगी लागते आणि ती साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. ऑगस्टमध्ये गेलेल्याचे मे महिन्यापर्यंत ते पूर्ण होते. जानेवारीत गेलेल्याचे होत नाही. स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीच्या सत्राला, प्रवेश घेणाऱ्या मुलाचा पहिला उन्हाळा इंटर्नशिपविना जातो आणि दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत त्याची बहुतेक क्रेडिट्स संपत आलेली असतात. त्याला एक सेमिस्टर मुद्दाम मागे ठेवावे लागते, म्हणजे आणखी सहा महिन्यांचा खर्च. ‘फॉल (ऑगस्टचे सत्र) हुकला तर स्प्रिंगला जा, काय फरक पडतो’ असा सल्ला सर्रास दिला जातो. फरक हा पडतो. दुसरी एक अट: पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली की त्या पदवीवरची ओपीटी गेलीच. पैशाच्या ओढीने लांब को-ऑप (अभ्यासक्रमाचा भाग असलेली पगारी नोकरी) घेणारे यात अडकतात. अकरा महिन्यांवर थांबायचे असते.

अभ्यासातली निवडही कर्ज करते. प्रबंध घेऊन एमएस केले तर प्राध्यापकाशी संबंध जुळतो, संशोधनाची चव लागते, पुढे पीएचडीची वाट उघडते. पण सेमिस्टर वाढण्याचा धोका असतो. म्हणून बहुतेक जण प्रबंधाविना तीस क्रेडिट्स उरकतात. सेमिस्टरला साधारण ९ क्रेडिट्स घेणे पूर्णवेळ मानले जाते. अवघड गेलेला विषय डीएसओला न विचारता सोडला आणि संख्या खाली गेली, तर व्हिसाचा दर्जाच जातो. गुणांची सरासरी चारांपैकी ३.० च्या खाली घसरली की प्रोबेशन, म्हणजे ताकीद. आणि इथे आपल्याकडच्या एका सवयीचा मोठा फटका बसतो. चार वर्षे ज्याने सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राची फाइल उतरवून जर्नल पूर्ण केले, त्याला पहिल्या होमवर्कमध्ये मित्राचा कोड घेणे म्हणजे गुन्हा वाटतच नाही. तिथे मॉससारखी प्रणाली चलांची नावे बदलली तरी दोन प्रोग्रामांतले साम्य पकडते. पहिल्यांदा शून्य, दुसऱ्यांदा विषयात नापास, पुढे निलंबन. आणि निलंबन म्हणजे सेव्हिसची नोंद बंद. पन्नास ओळींच्या कोडपायी चाळीस लाख. आपल्या विद्यापीठांनी सबमिशनची ही जत्रा बंद केली तर परदेशी जाणाऱ्या मुलांवर तेवढे उपकार तरी होतील.

कॅम्पसवरचे काम आठवड्याला २० तासांपर्यंतच. भोजनगृहात ताशी १३ डॉलर धरले तर आठवड्याला २६०, पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरचे ३,९००. यात जेवण आणि भाड्याचा वाटा सुटतो, फी नाही. रिसर्च असिस्टंटशिप मिळाली तर फीमाफीसह सगळे चित्र पालटते, पण एमएसच्या मुलाला ती मिळणे विभागाच्या अनुदानावर अवलंबून असते आणि प्राध्यापकाचा पहिला विचार पीएचडीवाल्यांचा असतो. ‘तिथे गेल्यावर फंडिंग मिळेल’ हे गृहीत धरून कर्ज कमी काढणारे दुसऱ्या सेमिस्टरला अडचणीत येतात. कॅम्पसबाहेर पेट्रोल पंपावर रोखीत काम करणारे त्याहून मोठ्या अडचणीत. आणि ज्याला असिस्टंटशिप मिळते, त्याचे तास कागदावर वीस असतात. प्राध्यापक चांगला असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर फीमाफी त्याच्या हातात असताना तक्रार कोण करणार?

पैसा आटतो तो बहुधा शेवटच्या सेमिस्टरला, आणि त्याचे कारण क्वचितच उधळपट्टी असते. कर्ज मंजूर होते रुपयांत, फी भरायची डॉलरमध्ये. ४० लाख मंजूर झाले तेव्हा डॉलर ८३ चा असेल तर ते ४८,१९० डॉलर झाले. तो ९० ला गेला तर सगळ्या रकमेचे ४४,४४० च उरतात. पावणेचार हजार डॉलरची तूट, कुणाचीही चूक नसताना. टप्प्याटप्प्याने रक्कम उचलल्यामुळे ती नेमकी शेवटी उघडी पडते. मंजुरीच्या वेळीच दहा टक्के जादा मर्यादा मागून ठेवावी. न उचललेल्या रकमेवर व्याज लागत नाही.

तारणाचाही एक महाराष्ट्री पेच आहे. गावाकडच्या घरांकडे सातबारा असतो, शहरात फ्लॅट नसतो. बुडीत कर्जाचे तारण बँकेला जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवर त्या कायद्याखाली जप्ती आणता येत नाही, म्हणून बँका ती तारण घ्यायला सहसा तयार नसतात. सरकारी बँकेचे कमी व्याजाचे कर्ज त्यामुळे शहरातल्या फ्लॅटवाल्याला मिळते, आणि लातूर-बुलढाण्याच्या मुलाला बिनतारणी, दोन-तीन टक्के महाग, प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता चिकटवलेले कर्ज. ज्याची जोखीम पेलण्याची ताकद सर्वांत कमी, त्याचाच हप्ता सर्वांत मोठा.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. करार जाचक म्हणा हवे तर, पण जोखीम देणाऱ्याने घेतली होती आणि परतल्यावर काय, हे पहिल्याच कागदावर लिहिलेले होते. आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजना आहेत, पण त्यांच्या जागा दोन आकडी. उरलेला सगळा प्रवाह कर्जावर वाहतो आणि परतल्यावर काय, याबद्दल कर्जाच्या कागदावर अवाक्षर नसते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: मुले सज्ञान आहेत, आई-वडील शिकलेले आहेत, त्यांना कळत नाही का? कळते, पण समोर आलेल्या माहितीपुरतेच. बऱ्याच कन्सल्टन्सी विद्यार्थ्याकडून शुल्क घेत नाहीत, कारण त्यांना विद्यापीठाकडून किंवा कर्ज कंपनीकडून कमिशन मिळते. फुकट सल्ल्याची किंमत कुणीतरी भरतच असते. ते कमिशन किती, हे लेखी सांगण्याची सक्ती केली तर निम्म्या ‘सेफ’, म्हणजे हमखास प्रवेश देणाऱ्या, विद्यापीठांची नावे यादीतून आपोआप गळतील.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. पुण्याच्या पगारावर हिशेब केला तर कुणी जाणारच नाही. गेल्या दोन पिढ्यांनी असा हिशेब केला असता तर आज सिलिकॉन व्हॅलीत मराठी मंडळे दिसली नसती. पण त्या पिढ्यांतले पुष्कळ जण असिस्टंटशिपवर गेले होते, राहत्या घरावर बोजा चढवून नव्हे. आणि परतीच्या पगारावर हिशेब केल्याने जाणे थांबत नाही, कर्जाची रक्कम खाली येते. १२ लाखांच्या नोकरीत हप्त्याला हातातल्या पगाराचा तिसरा हिस्सा, म्हणजे २९,००० रुपये, द्यायचे ठरवले तर १० वर्षांच्या मुदतीत पेलणारे कर्ज व्याज चढण्याआधी साधारण पावणेअठरा लाखांचे निघते. मग निवड बदलते: कमी फीचे सरकारी विद्यापीठ, स्वस्त गाव, प्रबंधाची वाट धरून असिस्टंटशिपचा पाठपुरावा, किंवा दोन वर्षे नोकरी करून जमवलेली पुंजी. दोन वर्षांच्या अनुभवाचा फायदा तिथल्या मुलाखतीतही होतोच. जर्मनीचा पर्यायही याच हिशेबात उजवा दिसू लागतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. मात्र म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे, आणि बी-१, बी-२ या मधल्या पातळीचे जर्मन आल्याशिवाय कारखान्यातली नोकरी मिळणे कठीण. भाषेची दोन वर्षे हीसुद्धा किंमतच आहे.

करायचे काय? फेडीचा हप्ता उत्पन्नाशी बांधण्याची पद्धत जगात नवी नाही. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्येच देशांतर्गत शिक्षणासाठी ती आणली. आपल्या बँका तिथे पोहोचायला वेळ लागेल. पण एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने सर्व किरकोळ मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक, बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर आणि फेडीचा तक्ता द्यावा लागतो. परदेशी शिक्षणाच्या कर्जाच्या पत्रकात दोनच ओळी वाढवाव्यात. एक, सवलत संपल्यावर चढलेल्या व्याजासह येणारा हप्ता हा त्या शाखेच्या भारतातल्या सुरुवातीच्या पगाराच्या किती टक्के आहे. दोन, पदवीनंतर मूळ देशी परतावे लागल्यास सवलतीची मुदत किती वाढेल. दुसऱ्या ओळीत बँकेला ‘शून्य’ लिहावे लागले तरी हरकत नाही. तो शून्य सहीच्या आधी दिसू दे.

हे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देण्याचे बंधन आजही आहे, म्हणजे ते मराठीतून मागता येते. आणि दीर्घ मुदतीच्या कर्जात ते हातात पडल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात, तोवर त्यातल्या अटी बँकेला बदलता येत नाहीत. शुक्रवारी घेतले तर मध्ये शनिवार-रविवारही येतो. परतीच्या पगाराचा हिशेब मांडायला एवढा वेळ पुरतो.